क्रम लक्षात ठेवणारा प्रकाश

स्मरणिकेसाठी लेख मागणाऱ्या पत्रात ‘ज्ञानाचा प्रकाश’ हे शब्द हमखास असतात. आम्ही शिक्षकही आमच्या लेखांत ते पुष्कळ वापरतो. या खेपेस मात्र ज्याचा वेग मोजता येतो आणि जो काचेच्या तंतूतून जाताना अंतरागणिक क्षीण होत जातो, त्या खऱ्याखुऱ्या प्रकाशाविषयी लिहावे असे मनात आले. इतिहासाच्या शिक्षकाने हा विषय का निवडावा, याचे कारण आपल्या वसतिगृहातच आहे.

पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे येथे राहून शिकलेला एक विद्यार्थी सध्या प्रकाशविज्ञानात पीएच.डी.चे संशोधन करीत आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आला आणि नववी-दहावीच्या मुलामुलींपुढे दीड तास बोलला. ऑप्टिकल फायबरच्या वेटोळ्यात मॉड्युलेटर नावाचे उपकरण बसवून प्रकाशाच्या संकेतांवर प्रक्रिया कशी करतात, हा त्याचा विषय होता. मी सभागृहात शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो. बोलता बोलता तो म्हणाला, “या वेटोळ्यातला प्रकाश क्रम लक्षात ठेवतो.” हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

इतिहास शिकवणाऱ्याचे सारे आयुष्य क्रमावर उभे असते. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, काळाराम मंदिराचा १९३० चा आणि येवल्याची घोषणा १९३५ ची. याच घटना उलट क्रमाने घडल्या असत्या, तर घटना त्याच राहूनही त्यांचा अर्थ पार बदलला असता. आठ वर्षे दारे ठोठावल्यानंतर केलेली घोषणा आणि दार ठोठावण्यापूर्वी केलेली घोषणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना सनावळ्या पाठ करायला लावताना मी हेच सांगत आलो आहे. आता काच आणि प्रकाश यांनाही क्रम कळतो असे माझाच विद्यार्थी सांगत होता. त्यानंतरचे वर्षभर मी जमेल तसे या विषयाचे वाचन केले, त्याला फोन करून शंका विचारल्या आणि माझ्या सवयीप्रमाणे त्याचा इतिहास शोधला. तोच येथे मांडतो.

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे आपण सारेच शिकलो. १८४१ च्या सुमारास जिनिव्हातील दानिएल कोलादों यांनी पाण्याच्या वाकलेल्या धारेत प्रकाश सोडून दाखवला. धार जिकडे वळली, तिकडे प्रकाशही वळला. धारेच्या आतल्या कडेवर आपटून तो पुन्हा आतच परततो. दहावीच्या पुस्तकात ज्याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात ते हेच. १८५४ मध्ये लंडनला जॉन टिंडल यांनी हाच प्रयोग जाहीर व्याख्यानात करून दाखवला. पाण्याच्या जागी काचेचा केसासारखा तंतू आला, तेव्हा त्या कामात पंजाबातील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेले नरिंदर सिंग कपानी अग्रभागी होते. प्रकाश सरळच जातो, असे शाळेतल्या शिक्षकांनी सांगितले ते आपल्याला पटले नव्हते, ही आठवण ते सांगत असत. १९५४ मध्ये त्यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचा प्रबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. भारत सरकारने त्यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

त्या काळच्या काचेतून प्रकाश फार दूर जात नसे. इंग्लंडमधील हार्लो येथे काम करणारे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. एक किलोमीटर गेल्यावर निदान शंभरातला एक भाग प्रकाश उरला, तरी दूरसंचारासाठी हा तंतू उपयोगी पडेल, असे त्यांचे गणित होते. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी ती मर्यादा ओलांडली. आज चांगल्या तंतूत साधारण पंधरा किलोमीटर गेल्यावर प्रकाश निम्मा होतो. काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. असा तंतू आपल्या मराठवाड्यातही, औरंगाबादजवळच्या वाळूजमध्ये तयार होतो, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगितले पाहिजे.

तंतू हा झाला रस्ता. त्यावरून जाणाऱ्या प्रकाशाला काही सांगायचे असेल, तर वाटेत फाटक हवे. मॉड्युलेटर म्हणजे हे फाटक. काही स्फटिकांना विजेचा दाब दिला की त्यांचा अपवर्तनांक किंचित बदलतो, म्हणजेच त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाची चाल किंचित मंद वा जलद होते. या परिणामाचा नेटका अभ्यास जर्मनीतील फ्रिड्रिख पॉकेल्स यांनी १८९३ मध्ये केला आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. आजच्या मॉड्युलेटरमध्ये बहुधा लिथियम नायोबेट नावाचा स्फटिक असतो. त्यात प्रकाशाच्या दोन वाटा केलेल्या असतात. एका वाटेवर चार-पाच व्होल्टचा दाब दिला की तिच्यातला प्रकाश अर्ध्या तरंगाइतका मागे पडतो. पुढे दोन्ही वाटा एकत्र मिळतात, तेव्हा एकीची लाट दुसरीच्या खळग्यात बसते आणि अंधार होतो. दाब काढला की पुन्हा उजेड. दोन वाटांची ही रचना १८९१-९२ मध्ये लुडविग झेंडर आणि लुडविग माख यांनी वेगवेगळी सुचवली. असे फाटक आज सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करते.

येथे इतिहासाचा शिक्षक थोडा रेंगाळला तर वाचकांनी क्षमा करावी. फ्रिड्रिख पॉकेल्स यांना आग्नेस नावाची थोरली बहीण होती. तिला भौतिकशास्त्राची ओढ होती. परंतु त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. घरी आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि स्वयंपाकघर तिच्या वाट्याला आले. भाऊ गोटिंगेनला शिकत होता. तो तिला पुस्तके पाठवी. खरकट्या भांड्यांच्या पाण्यावर तेलकट तवंग पसरतो, त्याने पाण्याचा पृष्ठताण कसा बदलतो, हे तिने घरच्या घरी पत्र्याच्या पन्हळीत मोजले. १८९१ मध्ये तिने लॉर्ड रॅली यांना पत्र लिहून आपली निरीक्षणे कळवली आणि त्यांनी ते पत्र ‘नेचर’कडे धाडून छापून आणले. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली ती १९३२ मध्ये, तिच्या वयाच्या सत्तराव्या वर्षी. भावाच्या नावाचा परिणाम आज प्रत्येक मॉड्युलेटरमध्ये आहे. बहिणीला विद्यापीठाचे फाटक उघडले नाही, तरी तिने भांडी घासण्याच्या पाण्यातून विज्ञान उभे केले. एकाच घरातल्या या दोन वाटा मुलींच्या वर्गात मी हल्ली आवर्जून सांगतो.

आता वेटोळ्याकडे येऊ. प्रकाशाची मोठी अडचण ही की तो थांबत नाही. कागदावर लिहिलेले जागेवर राहते, पण प्रकाशाला ‘जरा थांब, तुझ्यामागून दुसरा येतो आहे त्याच्याशी तुला ताडून पाहायचे आहे,’ असे म्हणता येत नाही. थांबवता येत नसेल तर त्याला लांबची फेरी मारायला लावायची, हा त्यावरचा उपाय. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एक किलोमीटर तंतू रिळावर गुंडाळून त्यात प्रकाश सोडला, तर तो सेकंदाच्या पाच दशलक्षांश भागानंतर दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. तेवढा काळ तो ‘साठवला’ गेला. त्याला पुन्हा आरंभाशी जोडले की दुसरा फेरा, मग तिसरा. युक्ती नवी नाही. १९४९ मध्ये केंब्रिजला सुरू झालेल्या एडसॅक या संगणकाची स्मृती अशीच होती: सुमारे दीड मीटर लांबीच्या पाऱ्याच्या नळ्यांतून ध्वनीचे स्पंद जात, दुसऱ्या टोकाला ते टिपून पुन्हा पहिल्या टोकाशी सोडले जात. फिरत राहणे हीच त्या यंत्राची आठवण होती.

दर फेऱ्यात प्रकाश क्षीण होतो, म्हणून वाटेत त्याला बळ द्यावे लागते. १९८७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूचा प्रवर्धक करून दाखवला. त्यात प्रकाशाचे आधी विजेत रूपांतर करावे लागत नाही. मात्र हे बळ फुकट मिळत नाही. प्रवर्धक संकेताबरोबर स्वतःचाही थोडा गोंगाट मिसळतो आणि फेऱ्यागणिक तो साचत जातो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात महासागराखालून जाणाऱ्या केबलींची पूर्वपरीक्षा अशाच वेटोळ्यांत होत असे. सहा-सात हजार किलोमीटर तंतू प्रयोगशाळेत आणणे परवडणारे नव्हते. म्हणून थोड्या लांबीच्या वेटोळ्यात प्रकाशाला अनेक फेरे घालायला लावत. फाटक उघडून स्पंद आत घ्यायचे, फाटक मिटायचे, ठरलेले फेरे झाले की बाहेर काढून ते कितपत शाबूत आहेत ते पाहायचे.

हे सारे आमच्या मुलांना उमजेल का, असा प्रश्न होता. रविवारच्या अभ्यासिकेत नववीचा वर्ग मी पटांगणावर नेला आणि वीस मुलामुलींचे रिंगण केले. एक चिठ्ठी हातोहात रिंगणातून फिरेल. रिंगणात एका जागी फाटक. तेथे उभ्या असलेल्या मुलीने आलेल्या चिठ्ठीवरचा आकडा निम्मा करायचा, मी जो नवा आकडा पुकारीन तो त्यात मिळवायचा आणि नवी चिठ्ठी पुढे सोडायची. पहिल्या फेऱ्यास मी आठ पुकारले, दुसऱ्या फेऱ्यास चार. आठाचे निम्मे चार, त्यात चार मिळवले. चिठ्ठीवर आठ आले. मग खेळ नव्याने मांडला. या वेळी आधी चार पुकारले, नंतर आठ. चाराचे निम्मे दोन, त्यात आठ. चिठ्ठीवर दहा आले. पुकारलेले आकडे तेच आणि त्यांची बेरीजही दोन्ही वेळा बाराच, पण रिंगणाचे उत्तर वेगळे होते. शेवटची चिठ्ठी पाहून आधी काय आले आणि नंतर काय, हे ओळखता येत होते. साध्या बेरजेला जो क्रम कळत नाही, तो रिंगणाला कळला.

फाटकावरच्या मुलीनेच मग विचारले, “सर, दर फेऱ्याला निम्मे केले तर पहिला आकडा हळूहळू नाहीसाच होईल ना?” प्रश्न नेमका होता. वेटोळ्याची आठवण विरत जाणारी असते. कालचे ठळक, परवाचे पुसट, त्यामागचे जवळजवळ नाहीच. काही कामांना अशीच आठवण लागते. बोललेले वाक्य समजण्यासाठी आत्ताच्या शब्दाबरोबर मागचे चार-सहा शब्द पुरतात; गेल्या महिन्यातील बोलण्याची ओझी वाहायची नसतात.

“मग निम्मे न करता दुप्पट केले तर?” दुसऱ्याने विचारले. याचे उत्तर मुलांना ठाऊकच होते, फक्त ते त्यांच्या लक्षात नव्हते. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात माइक कर्ण्यासमोर गेला की जी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, ती याचीच. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये, माइकचा कर्ण्यात, दर फेऱ्यात अधिक मोठा, आणि शेवटी वक्ता राहतो बाजूला, वेटोळे स्वतःच ओरडू लागते. आम्ही धावत जाऊन माइक बाजूला करतो. वैज्ञानिकांनी मात्र त्या शिट्टीलाही कामाला लावले. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत स्टीव्ह याओ आणि ल्यूट मालेकी यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास एक रचना केली. लेझरचा प्रकाश मॉड्युलेटरमधून जातो, लांब तंतूच्या वेटोळ्यातून फिरतो, शेवटी प्रकाशसंवेदक त्याची वीज करतो आणि ती वीज वाढवून त्याच मॉड्युलेटरला परत दिली जाते. जोर पुरेसा असला की हे वेटोळे शिट्टी घालते. ती सेकंदाला हजार कोटी कंपनांची असू शकते आणि लांब तंतूमुळे तिचा सूर विलक्षण स्थिर राहतो. रडारसारख्या यंत्रणांना असाच शुद्ध सूर हवा असतो.

शिट्टी वाजू न देता तिच्या अगदी अलीकडे थांबले, तर तेच वेटोळे विचार करू लागते, निदान विचारासारखे काही करू लागते. हा या विषयातला मला सर्वांत भावलेला भाग. २०१२ मध्ये फ्रान्समधील बझांसों आणि बेल्जियममधील ब्रुसेल्स येथील संशोधकांनी असे प्रयोग प्रसिद्ध केले. सामग्री वर सांगितली तीच: एक लेझर, एक मॉड्युलेटर, काही किलोमीटर तंतू, एक संवेदक आणि वीज परत नेणारी तार. त्यांनी वेटोळ्यात एकच चिठ्ठी फिरवली नाही. एका फेऱ्याच्या काळाचे पन्नासापासून काही शेपर्यंत बारीक भाग पाडले आणि प्रत्येक भागात एक चिठ्ठी ठेवली. आमच्या पटांगणावर वीसही मुलांच्या हाती चिठ्ठ्या असाव्यात, दर टाळीला त्या एकेक घर पुढे सरकाव्यात आणि फाटकावर त्यांनी पाळीपाळीने यावे, तसे. बाहेरून आलेला आकडा सर्वांना सारखा मिळत नाही. एकीला दुप्पट, दुसरीला पाव, तिसरीला उणे, असा ठरलेला पण आडवातिडवा वाटला जातो. शिवाय फाटकही आमच्या निम्मे करण्याइतके सरळ नसते. मॉड्युलेटरला दाब वाढवत नेला तर प्रकाश आधी वाढतो, मग तोच दाब आणखी वाढवल्यास कमी होऊ लागतो. या कमानीमुळे सरळ बेरीज-वजाबाकीत जे भेद दिसत नाहीत, तेही चिठ्ठ्यांत उमटतात.

मग या वेटोळ्याला माणसाने उच्चारलेले आकडे ऐकवले जातात. आवाजाच्या चढउतारांनी चिठ्ठ्यांची एक नक्षी तयार होते. ‘तीन’ म्हटल्यावर एक, ‘सात’ म्हटल्यावर दुसरी. नक्षीवरून आकडा ओळखण्याचे काम शेवटी एक साधी भारित बेरीज करते. शिकवणी काय ती या बेरजेचीच. कोणत्या चिठ्ठीला किती महत्त्व द्यायचे, एवढेच उदाहरणांवरून ठरवायचे. वेटोळ्याच्या आत कोणी हात घालत नाही. जपानमधील एनटीटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक किलोमीटर तंतूच्या कड्यात दोन हजारांहून अधिक स्पंद फिरवून अवघड जोडणीची कोडी सोडवून दाखवली. तेथेही प्रत्येक फेऱ्यात स्पंद मोजायचे, इतरांचा त्याच्यावर काय परिणाम व्हावा ते काढायचे आणि मॉड्युलेटरच्या साह्याने तो परिणाम प्रकाशातच मिसळायचा, अशी पद्धत होती.

सत्तावीस वर्षे वर्गावर काढलेल्या माणसाला यात काही ओळखीचे दिसले तर नवल नाही. वसतिगृहात आलेल्या प्रत्येक मुलाच्या आत त्याच्या गावाचे, घराचे, भाषेचे एक वेटोळे आधीपासून फिरत असते. नांदेडकडच्या मुलाला आणि बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलीला मी एकच वाक्य सांगतो. दोघांत त्याची नक्षी वेगळी उमटते. ती नक्षी पुसून सर्वांना एकसारखे करण्याचा अट्टाहास अनेक शाळा करतात. त्या संशोधकांनी आतले फेरे तसेच फिरू दिले आणि बाहेर येणाऱ्या उत्तराकडे लक्ष दिले. माणसाचे मूल म्हणजे काचतंतू नव्हे, हे मी जाणतो. तरीही मुलाच्या आत आधीपासून काय फिरते आहे ते ऐकून मग शिकवावे, ही गोष्ट त्या प्रयोगाच्या निमित्ताने मला अधिक स्पष्ट दिसली.

या रविवारच्या वर्गाविषयी एका सहकाऱ्यांनी मला शिक्षकदालनात हटकले. “सर, गणितात काठावर पास होणारी मुले आपली. परीक्षेत न येणारे हे जडजंबाल त्यांना कशाला? टायपिंग शिकवा, पोलीस भरतीची तयारी करून घ्या.” ते मुलांचे वाईट चिंतणारे नव्हेत. घरची परिस्थिती पाहता लवकर नोकरी लागणे किती मोलाचे असते, हे त्यांच्याइतकेच मीही जाणतो. पोलीस भरतीची तयारी आपल्याकडे होते आणि व्हायलाच हवी. परंतु अमुक ज्ञान अमुकांच्या उपयोगाचे नाही, हा निवाडा आपल्या वाट्याला पूर्वी दुसऱ्यांनी दिला होता. शाळकरी भीमरावांना संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले गेले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली. तो निवाडा आता आपणच आपल्या मुलांना दयेपोटी ऐकवू लागलो, तर त्यात फरक तो काय?

मी सहकाऱ्यांना माझ्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकात महामार्गाच्या कडेने ऑप्टिकल फायबरची केबल पुरण्याचे काम निघाले, तेव्हा आमच्या वस्तीतली दहा-बारा माणसे चर खणायला जात. दादा त्यांत होता. साडेपाच फूट खोल चर, मुरूम लागला की पहार, आणि मजुरी खणलेल्या मीटरवर. संध्याकाळी हाताचे फोड दाखवत तो मला विचारी, “तू एवढा शिकलास, या नळीतून जाते तरी काय रे?” मुकादमाला विचारले तर ‘वायर’ एवढेच उत्तर मिळे. मी तेव्हा इतिहासात एम.ए. झालेलो होतो आणि ‘फोनचा आवाज जातो’ याहून अधिक सांगू शकत नव्हतो. आमच्या शिक्षणात ते कोठेच आले नव्हते. हजारो किलोमीटर चर ज्यांनी खणले, त्यांच्यापैकी किती जणांना कोणी सांगितले असेल की या काचेतून प्रकाश जातो, सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, आणि पंधरा किलोमीटरनंतरही निम्मा शिल्लक राहतो? श्रम आमचे आणि समज दुसऱ्याची, अशी ही वाटणी फार जुनी आहे. अभ्यासिकेतला तो एक तास तिच्याविरुद्ध आहे. सहकारी काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडून पाण्याच्या धारेत लेझरचा लाल ठिपका वळवून दाखवण्याच्या प्रयोगाला बाटली धरून उभे होते ते तेच.

या कामाला दूरच्या परदेशाचीच वाट पाहावी लागेल असेही नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय तरंग टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तेथे तंतूचे वेटोळे नसेल, निर्वात नळ्या असतील. पण प्रकाशाला थांबवता येत नाही म्हणून त्याला पुन्हा पुन्हा फिरवायचे, ही युक्ती तीच आहे. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांत चार किलोमीटर लांबीच्या बाहूंतून लेझरचा प्रकाश सुमारे तीनशे वेळा मागेपुढे जातो. पॉकेल्स यांच्या परिणामावर चालणारे मॉड्युलेटर तेथेही आहेत. औंढ्याच्या त्या आवारातील भिंती बांधायला आपल्या भागातील माणसे जातीलच. आत आरशांपाशी उभे राहणाऱ्यांतही आपल्या मुलींपैकी कोणी असावी, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठीची तयारी नववीत सुरू व्हायला हवी.

स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या हाती जाते, म्हणून त्यांना एक विनंती करून लेख संपवतो. आपण शाळेत येता, सत्कार होतो, आपल्या कष्टांची कहाणी आपण सांगता आणि मुलांचे डोळे भरून येतात. ते हवेच. त्यानंतर अर्धा तास आपल्या कामाबद्दलही बोला. आपण वीजमंडळात असाल तर रोहित्र कसे चालते ते सांगा, बँकेत असाल तर व्याज कसे ठरते, रुग्णालयात असाल तर रक्ताच्या तपासणीत यंत्र नेमके काय मोजते. मुलांना झेपणार नाही म्हणून अवघड भाग गाळू नका. त्यांना न समजलेले ते विचारतील, आणि त्यांचे प्रश्न कसे असतात ते फाटकावरच्या त्या मुलीने मला दाखवले आहे. ती आता दहावीत आहे. प्रकाश निम्मा होण्याऐवजी नऊ-दशांश राहिला तर आठवण किती फेरे टिकेल, याचा तक्ता तिने वहीत मांडला आहे. तो तपासण्यासाठी गणित येणारे कोणी माजी विद्यार्थी मला या सुटीत हवे आहेत.